लूप असलेल्या पाणीपुरवठा नेटवर्कला जेनेटिक अल्गोरिदम लावताना दर रनला वेगळं उत्तर का येतं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दात मांडतो, काही चुकीचं समजलो असेन तर खाली सांगा. साधारण ४० हजार लोकवस्तीच्या गावाचं वितरण नेटवर्क आहे, एक उंच टाकी, ६८ पाइप, त्यात बरेच लूप, म्हणजे एकाच जागी पाणी दोन वाटांनी पोचेल असे बंद वळसे. प्रत्येक पाइपला ८० ते ६०० मिमी अशा ११ डीआय (डक्टाइल आयर्न, लोखंडी) साइझमधली एक निवडायची, एकूण खर्च कमीत कमी करायचा, आणि प्रत्येक नोडला, म्हणजे पाइप जुळतात त्या जागी, किमान ७ मीटर (पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत) प्रेशर मिळालंच पाहिजे. पायथनमध्ये जेनेटिक अल्गोरिदम (पिढ्यानपिढ्या चांगली डिझाइन निवडून त्यातून नवीन बनवणारी पद्धत) लिहिलाय, प्रेशर काढायला ईपीएनेट हे पाइप नेटवर्कचं सॉफ्टवेअर वापरताय, पॉप्युलेशन म्हणजे एका पिढीतली डिझाइन ५०, जनरेशन म्हणजे पिढ्या २००. तीन रन केले तर ४.१२, ४.३१ आणि ४.४७ कोटी अशी तीन उत्तरं आली, आणि सगळ्यात स्वस्त उत्तरात दोन नोडना ७ मीटर मिळतच नाहीये. गाइड म्हणतात जनरेशन वाढवा, मित्र म्हणतो पीएसओ (पार्टिकल स्वॉर्म, थव्यासारखा शोध घेणारा दुसरा अल्गोरिदम) लाव, आणि तुम्ही विचारताय की कुठला अल्गोरिदम घ्यायचा, म्युटेशन, म्हणजे डिझाइनमधले रँडम बदल, किती ठेवायचं.

मला यातली खरी अडचण वेगळी दिसते. आलेलं उत्तर चांगलं आहे की वाईट हे ठरवायला तुमच्याकडे आत्ता काहीच माप नाहीये. ४.१२ कोटी हे चांगलं का? कुणाच्या तुलनेत? ते कळत नाही तोपर्यंत म्युटेशन ०.०१ केलं काय आणि ०.०५ केलं काय, सगळा अंधारात तीर. मी गेली बरीच वर्षं पाणीपुरवठ्याच्या डिझाइनमध्ये हे अल्गोरिदम वापरतोय, आणि माझ्या अनुभवात वेळ जातो तो प्रॉब्लेम नीट मांडण्यात, पॅरामीटर ही शेवटची आणि त्यातल्या त्यात सोपी गोष्ट. त्यामुळे त्याच क्रमाने लिहितो, थोडं लांबेल.

सगळ्यात आधी, इव्होल्युशनरी अल्गोरिदम (जेनेटिक हा त्यातलाच एक) लागतो का हेच बघा. हे नेटवर्कच्या आकारावर अवलंबून आहे. नेटवर्क झाडासारखं असेल, म्हणजे टाकीपासून प्रत्येक नोडपर्यंत एकच रस्ता, तर प्रत्येक पाइपमधून किती पाणी जाणार हे आधीच ठरलेलं असतं, खालच्या सगळ्या नोडची मागणी बेरीज केली की झालं. मग एका ठरावीक साइझच्या पाइपमध्ये हेडलॉस (वाटेत घटणारं प्रेशर) हा लांबीच्या सरळ प्रमाणात असतो, खर्चही लांबीच्या सरळ प्रमाणात, तर एका लिंकचे तुकडे पाडायचे, इतके मीटर २०० चे, इतके मीटर १५० चे, आणि तुकड्यांच्या लांब्या हेच व्हेरिएबल धरायचे. हे चक्क लिनिअर प्रोग्रॅमिंग झालं, सेकंदात सुटतं आणि याहून स्वस्त उत्तर नाही याची गॅरंटी मिळते. आयआयटी बॉम्बेचं जलतंत्र हे सॉफ्टवेअर याच विचारावर ग्रामीण योजनांचं डिझाइन करतं. अशा नेटवर्कवर कुणी जेनेटिक अल्गोरिदम लावून पेपर लिहिला की मला वाईट वाटतं, कारण ज्याचं नेमकं उत्तर मिळतंय तिथे अंदाजे उत्तर का घ्यायचं.

तुमच्याकडे लूप आहेत. लूप आला की कुठल्या पाइपमधून किती पाणी जाणार हे साइझवर अवलंबून, आणि साइझ तर आपण शोधतोय. एक पाइप १५० चा २०० केला की तीन गल्ल्या पलीकडचा फ्लो बदलतो, कधी दिशाच उलटते. शिवाय साइझ बाजारात मिळतात त्याच घ्यायच्या, १७३ मिमीचा पाइप नसतो. इथे डेरिव्हेटिव्हवर चालणाऱ्या पद्धती अडकतात आणि इव्होल्युशनरी पद्धत खरंच उपयोगी पडते. म्हणजे तुमची निवड बरोबर आहे, फक्त नकाशावर एकदा बघा, की टाकीपासून पहिल्या चौकापर्यंतची मेन लाइन किंवा टोकाच्या फांद्या झाडासारख्या आहेत का. त्यांच्यातला फ्लो ठरलेला आहे, त्या भागात चुकीच्या साइझ लगेच ओळखू येतात आणि पर्याय कमी करता येतात.

पर्याय कमी करणं यावर जरा थांबतो कारण इथे खूप फायदा आहे. ११ साइझ आणि ६८ पाइप म्हणजे ११ चा ६८ वा घात, ही ७१ आकडी संख्या आहे. त्यासमोर तुम्ही ५० गुणिले २०० म्हणजे १० हजार डिझाइन तपासली. गाइडचं म्हणणं त्या अर्थाने चूक नाही, १० हजार कमीच आहेत, पण आधी शोधायची जागा लहान करा. केंद्र सरकारच्या सीपीएचईईओ या पाणीपुरवठ्याच्या संस्थेच्या १९९९ च्या मॅन्युअलमध्ये ५० हजारांपर्यंतच्या गावाला वितरणात किमान १०० मिमी पाइप सांगितला होता, म्हणजे ८० चा पर्याय यादीतून काढूनच टाका. टोकाच्या गल्लीतल्या पाइपला ४५०, ५००, ६०० कधीच लागणार नाही, टाकीच्या आउटलेटला १०० कधीच पुरणार नाही. प्रत्येक पाइपला स्वतःची खालची आणि वरची मर्यादा द्या. हे तुम्हाला इंजिनिअर म्हणून माहीत आहे, अल्गोरिदमला नाही, तर त्याला सांगून टाका. एकाच रस्त्यावरचे सलग दोन-तीन पाइप, ज्यांच्यात मधे फारशी मागणी नाही, ते एकाच व्हेरिएबलमध्ये बांधा. साइटवर तसंही कुणी ८०-८० मीटरवर साइझ बदलत नाही, प्रत्येक ठिकाणी रिड्यूसर आला, जॉइंट आला.

एन्कोडिंग, म्हणजे साइझ कोडमध्ये कशी लिहायची, काय केलंय ते तुम्ही लिहिलं नाही. बायनरी असेल तर बदला. ११ साइझला ४ बिट लागतात, ४ बिटमध्ये १६ कोड होतात, उरलेल्या ५ कोडचं काय करायचं हा एक त्रास, आणि दुसरा मोठा त्रास असा की ७ म्हणजे ०१११ आणि ८ म्हणजे १०००, साइझ एकच पायरी वाढवायची तर चारही बिट एकदम पलटावे लागतात. सरळ इंटिजर घ्या, लहान ते मोठा असा क्रम लावलेल्या साइझ यादीतला नंबर, आणि म्युटेशन बहुतेक वेळा एक पायरी वर नाहीतर एक पायरी खाली, कधीतरीच लांब उडी. क्रॉसओव्हर (दोन पालक डिझाइन जोडून नवीन बनवणं) वन-पॉइंट, म्हणजे यादी एकाच ठिकाणी कापणारा, असेल तर पाइपचे नंबर कसे पडलेत याला महत्त्व येतं. ईपीएनेटमध्ये आपण काढू त्या क्रमाने नंबर पडतात, मग ५ नंबरचा पाइप गावाच्या एका टोकाला आणि ६ नंबरचा दुसऱ्या. एकत्र चांगले चालणारे शेजारचे पाइप क्रॉसओव्हरमध्ये फुटून जातात. एकतर नेटवर्कमध्ये शेजारी असलेले पाइप यादीतही शेजारी येतील असे नंबर लावा, किंवा वॉर्डप्रमाणे गट करून आख्खा गट एका पालकाकडून उचला. मला दुसरी पद्धत जास्त आवडते.

आता पेनल्टी, तुमचं दोन नोडचं कोडं इथेच आहे. तुम्ही लिहिलंय की ७ मीटर न मिळणाऱ्या प्रत्येक नोडला १० लाख दंड लावलाय, सरसकट. म्हणजे अल्गोरिदमच्या नजरेत ७ मीटरचा नियम मोडायची किंमत १० लाख आहे, नोडला ६.९ मीटर मिळो नाहीतर उणे ३. मग जिथे पाइप बारीक करून १० लाखांपेक्षा जास्त वाचतात तिथे तो दंड भरतो आणि पुढे जातो. त्याने तुम्ही दिलेल्या नियमांप्रमाणे अगदी बरोबर काम केलंय. आणि ४.१२ मध्ये २० लाख दंडाचे आहेत, म्हणजे तो आकडा पाइपचा खर्चही नाहीये आणि चालणारं डिझाइनही नाहीये, तो बाकी दोन रनशी तुलनेला घेताच येत नाही.

दंड वाढवून १ कोटी केला तर दुसरी अडचण येते, ६.९ मीटरवालं जवळजवळ बरोबर डिझाइन सुरुवातीलाच मारलं जातं, आणि स्वस्त उत्तर तर नेहमी त्या सीमेवरच असतं, जिथे प्रेशर कसंबसं पुरतं. म्हणून मी दंडाचा आकडा ठरवायच्या भानगडीतच पडत नाही. कल्याणमय देब यांनी २००० साली एक साधा नियम मांडला, टूर्नामेंटमध्ये, म्हणजे पुढच्या पिढीसाठी निवड होताना, दोन डिझाइनची तुलना करताना तोच लावायचा. दोन्ही नियमात बसत असतील तर स्वस्त ते जिंकतं. एक बसतं आणि एक नाही तर बसणारं जिंकतं, खर्च बघायचाच नाही. दोन्ही बसत नसतील तर ज्याचा तुटवडा कमी ते जिंकतं, आणि तुटवडा म्हणजे प्रत्येक नोडला ७ पेक्षा किती मीटर कमी पडलं त्याची बेरीज. कोडमध्ये चार-पाच ओळींचं काम आहे आणि एकही आकडा ट्यून करावा लागत नाही.

इथेच एक तपासणी, जी मी कुठलाही अल्गोरिदम सुरू करायच्या आधी करतो. सगळे ६८ पाइप ६०० चे करा आणि ईपीएनेट एकदाच चालवा. एवढे मोठे पाइप टाकूनही एखाद्या नोडला ७ मीटर मिळत नसेल तर तो प्रश्न पाइपच्या साइझने सुटणारच नाही, टाकीची स्टेजिंग हाइट (जमिनीपासूनची उंची) कमी आहे किंवा तो भाग उंचावर आहे, त्याला वेगळा झोन किंवा बूस्टर पंप लागेल. अशा प्रॉब्लेमवर अल्गोरिदम रात्रभर चालतो आणि सकाळी काहीच हाती लागत नाही. आणि समजा सगळीकडे भरपूर प्रेशर मिळालं, तर तुमच्या हातात एक चालणारं डिझाइन आलं, महागडं का होईना.

त्या महागड्या डिझाइनमधूनच तुलनेचं पहिलं माप बनवा. प्रत्येक पाइप आळीपाळीने एक साइझ खाली आणून बघा, ज्याने प्रेशर ७ च्या वर राहून सगळ्यात जास्त पैसे वाचतात तो बदल पक्का करा, परत तेच, अगदी एकही पाइप खाली आणता येत नाही तोपर्यंत. हा साधा ग्रीडी प्रकार, पायथनमध्ये अर्ध्या तासात लिहून होतो. त्याचं उत्तर समजा ४.२५ कोटी आलं, तर तुमच्या जेनेटिक अल्गोरिदमचे ४.३१ आणि ४.४७ दोन्ही त्याच्याहून वाईट, म्हणजे कोडमध्ये किंवा मांडणीत काहीतरी गडबड आहे, तिथे जनरेशन वाढवून उपयोग नाही. दुसरं माप, तेवढीच १० हजार डिझाइन निव्वळ रँडम काढा आणि त्यातलं सर्वात चांगलं बघा. ही दोन मापं नसतील तर मी कुणाचाच रिझल्ट बघत नाही, मग तो कितीही मोठ्या जर्नलमधला असो.

तिसरं माप म्हणजे उत्तर माहीत असलेला प्रॉब्लेम. ही जुनी चाल आहे. १९६४ मध्ये बर्लिनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत रेशेनबर्ग आणि श्वेफेल यांनी विंड टनेलमध्ये सहा पट्ट्या पाच बिजागऱ्यांनी जोडलेली प्लेट ठेवली होती, प्रत्येक बिजागरीच्या ५१ जागा, म्हणजे जवळपास साडेचौतीस कोटी आकार. वेड्यावाकड्या घडीपासून सुरुवात केली, रँडम बदल करायचा, ड्रॅग (हवेचा विरोध) कमी झाला तर ठेवायचा नाहीतर सोडायचा. प्लेट हळूहळू सपाट झाली. सपाट प्लेटला सर्वात कमी ड्रॅग हे सगळ्यांना आधीच माहीत होतं, आणि म्हणूनच पद्धत चालते हे त्या प्रयोगातून पटलं. अज्ञात उत्तराच्या मागे ते नंतर लागले, श्वेफेल यांच्या नोझलचा आकार तर कुणी कागदावर काढला नसता असा विचित्र फुगवट्यांचा निघाला.

आपल्या क्षेत्रात यासाठी दोन लूपचं छोटं नेटवर्क आहे, अल्पेरोविट्स आणि शमीर यांनी १९७७ मध्ये दिलेलं. ८ पाइप, प्रत्येक १००० मीटर, १ ते २४ इंच अशा १४ साइझ, किमान प्रेशर ३० मीटर. एकूण पर्याय सुमारे १४८ कोटी, आणि सर्वोत्तम खर्च ४,१९,००० युनिट. साइझ अशा येतात: १८, १०, १६, ४, १६, १०, १० आणि १ इंच. मीटरचे दर अनुक्रमे १३०, ३२, ९०, ११, ९०, ३२, ३२ आणि २, बेरीज ४१९, गुणिले १०००, जुळलं. तुमचा कोड इथे दहापैकी आठ-नऊ रनमध्ये ४,१९,००० ला पोचला नाही तर ६८ पाइपवर जाऊच नका. पुढची पायरी हनोई नेटवर्क, फुजिवारा आणि खांग यांनी १९९० मध्ये मांडलेलं, ३४ पाइप, ६ साइझ, म्हणजे २७ आकडी पर्याय. ईपीएनेटने तपासलेलं सर्वात स्वस्त माहीत असलेलं उत्तर ६०.८१ लाख डॉलरच्या आसपास आहे. त्यासाठीही सुरुवातीच्या लोकांनी लाखांच्या घरात इव्हॅल्युएशन केलेली आहेत, यावरून तुमच्या १० हजारांचा अंदाज घ्या. एक सावधगिरी, जुन्या पेपरांत याहून स्वस्त किंवा महाग आकडे दिसतील. त्यांनी हेझन-विल्यम्स या हेडलॉसच्या फॉर्म्युल्यातला न्यूमेरिकल कॉन्स्टंट थोडा वेगळा धरलाय, कुणी १०.५१, कुणी १०.९०, ईपीएनेटचा साधारण १०.६७. कॉन्स्टंट खाली धरला की हेडलॉस कमी येतो आणि जे डिझाइन ईपीएनेटमध्ये नापास होतं ते तिथे पास होतं. त्यामुळे कुणाच्याही आकड्याशी तुलना करायची तर त्यांच्या साइझ घेऊन स्वतःच्या ईपीएनेटमध्ये टाकून बघा.

त्या दोन लूपच्या उत्तराकडे परत एकदा बघा. एका पाइपला ४ इंच आणि शेवटच्याला १ इंच. आजूबाजूला १० आणि १६ इंची पाइप असताना १ इंचाच्या पाइपमधून काय पाणी जाणार? म्हणजे नावाला दोन लूप आहेत, प्रत्यक्षात अल्गोरिदमने नेटवर्कचं झाड करून टाकलंय. हे नेहमी होतं, कारण दोन मध्यम पाइपपेक्षा एक मोठा पाइप टाकून तेवढंच पाणी नेणं स्वस्त पडतं. पण आपण लूप कशाला ठेवतो? एक पाइप फुटला तर पाणी दुसऱ्या बाजूने यावं म्हणून. फक्त खर्च कमी करा म्हटलं की अल्गोरिदम पहिल्यांदा तीच सोय काढून घेतो.

आणि हे आपल्या गावांच्या बाबतीत फार गंभीर आहे. बहुतेक ठिकाणी पाणी २४ तास येत नाही, दिवसाआड किंवा रोज तास-दोन तास सुटतं, वॉलमन एक झोन उघडतो, दुसरा बंद करतो. पाणी सुटलं की सगळी घरं एकदम टाक्या भरायला लागतात, अनेकांच्या मोटारी चालू होतात. तुमच्या गावाला पीक फॅक्टर (गर्दीच्या वेळची मागणी सरासरीच्या किती पट) ३ धरायला हवा, तो तुम्ही धरलाच असेल, पण तासाभरात दिवसाचं पाणी द्यायचं तर खरी मागणी त्याच्याही वर जाते. आता विचार करा, ज्या डिझाइनमध्ये टेलएंडच्या नोडला कागदावर बरोबर ७.०२ मीटर ठेवलंय, तिथल्या शेवटच्या गल्लीतल्या घराला प्रत्यक्षात काय मिळेल? काहीच नाही. तिथल्या बायका हंडे घेऊन वरच्या चौकात येतात, हे मी अनेक गावांत बघितलंय, आणि तिथे कागदावरचं डिझाइन नियमात बसणारंच होतं. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की एकट्या खर्चावर ऑप्टिमाइझ करू नका.

यावर उपाय अवघड नाहीये. दोन उद्दिष्टं घ्या, एक खर्च, दुसरं टोडिनी यांचा २००० सालचा रेझिलियन्स इंडेक्स. तो सोप्या भाषेत असा, की नोडला गरजेपेक्षा जास्त किती शक्ती शिल्लक पोचते भागिले नेटवर्कमध्ये जास्तीत जास्त किती खर्च करायची मुभा होती. शिल्लक जास्त तर पाइप फुटल्यावर किंवा मागणी वाढल्यावर नेटवर्क तग धरतं. दोन उद्दिष्टांसाठी एनएसजीए-२ हा जेनेटिक अल्गोरिदमचा प्रकार वापरा, आयआयटी कानपूरमध्ये देब आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी केलेलं, २००२ चा पेपर आहे, पायथनमध्ये तयार मिळतं, वर सांगितलेला नियम त्यात बसतो. उत्तर म्हणून एक डिझाइन येत नाही, खर्च आणि रेझिलियन्सची एक रेघ येते. त्या रेघेवर बऱ्याचदा असा भाग सापडतो की थोडासा खर्च वाढवला की रेझिलियन्स भरपूर वाढतो, आणि त्यानंतर कितीही पैसे टाका, फारसा फरक नाही. नगरपालिकेच्या इंजिनिअरसमोर ही रेघ ठेवली की चर्चा एकदम नीट होते, कारण शेवटी पैसे किती घालायचे हा निर्णय त्यांचा आहे. इंडेक्सवर पूर्ण विसंबू मात्र नका, निवडलेल्या दोन-तीन डिझाइनमध्ये एकेक मुख्य पाइप बंद करून ईपीएनेट चालवा आणि कुठल्या गल्ल्या कोरड्या पडतात ते डोळ्यांनी बघा. २.२ व्हर्जनमध्ये प्रेशरवर अवलंबून मागणी धरता येते ती इथे चालू करा, नाहीतर जुनी पद्धत प्रेशर उणे असलं तरी नोडला पूर्ण पाणी मिळालं असं दाखवते.

स्पीडबद्दल थोडक्यात. ६८ पाइपच्या एका स्थितीचं गणित काही मिलिसेकंदांचं काम आहे. तुमचा रन जर तासन् तास चालत असेल तर वेळ हायड्रॉलिक्समध्ये जात नाहीये, दर वेळी इनपुट फाइल लिहायची, उघडायची, रिपोर्ट वाचायचा यात जातोय. ईपीएनेटचं टूलकिट (कोडमधून ते चालवायची सोय) वापरून नेटवर्क एकदाच मेमरीत उघडा, फक्त डायमीटर बदला आणि सोडवा. आणि तपासून झालेली डिझाइन डिक्शनरीत साठवा, कारण शेवटच्या जनरेशनमध्ये तीच तीच डिझाइन परत येतात. एवढं केलं की २ लाख इव्हॅल्युएशन साध्या लॅपटॉपवर आरामात होतात. 

आता तुम्ही विचारलेले पॅरामीटर. पॉप्युलेशन १०० च्या आसपास, टूर्नामेंट दोघांची, क्रॉसओव्हर ०.९, म्युटेशन १ भागिले व्हेरिएबलची संख्या म्हणजे तुमच्याकडे ०.०१५ च्या जवळ, आणि एलिटिझम हवाच, म्हणजे सापडलेलं सर्वात चांगलं डिझाइन हरवता कामा नये. हे सुरुवातीचे आकडे आहेत, वरची कामं झाल्यावर यात दुप्पट-निमपट करून बघा, फार फरक पडला तर मांडणीत काहीतरी नाजूक आहे असं समजा. पीएसओ आणि डिफरेन्शियल इव्होल्युशन हे मुळात सलग आकड्यांसाठी आहेत, राउंड करून चालवता येतात, चांगली उत्तरंही येतात, पण तुमच्या अडचणीवर ते औषध नाही. पाइपऐवजी पंपाचा वेग किंवा एखाद्या भागाची मापं असे दहा-वीस सलग व्हेरिएबल असते तर मी थेट सीएमए-ईएस (सलग आकड्यांसाठीचा इव्होल्युशनरी अल्गोरिदम) म्हटलं असतं, त्याला तर हात लावायला पॅरामीटरच जवळपास नसतात. सगळ्या प्रॉब्लेमला एकच अल्गोरिदम सर्वोत्तम असू शकत नाही, हे वोलपर्ट आणि मॅक्रेडी यांनी १९९७ मध्येच गणिताने दाखवलंय, त्यामुळे या वादात थिसिसचे महिने घालवू नका.

दर रनला वेगळं उत्तर येणं हे या पद्धतीत स्वाभाविक आहे, किती वेगळं हे महत्त्वाचं. वेगवेगळे सीड (रँडम आकड्यांची सुरुवात ठरवणारे नंबर) देऊन २०-३० रन करा, सीड लिहून ठेवा, सर्वात चांगलं, सर्वात वाईट आणि मधलं तिन्ही सांगा. फरक टक्का-दीड टक्का असेल आणि साइझ मात्र वेगळ्या असतील तर काळजी नको, जवळपास सारख्या खर्चाची बरीच डिझाइन आहेत एवढंच, डीएसआरचे (सरकारी दरसूचीचे) दर एका वर्षात याच्यापेक्षा जास्त हलतात, त्यातलं साइटवर टाकायला सोपं असेल ते घ्या. तुमचे ४.३१ आणि ४.४७ यांच्यात पावणेचार टक्के आहेत, हे मला जास्त वाटतं. पॉप्युलेशन लवकर एकसारखी होतेय का ते बघा, दर १० जनरेशनला मोजा की ६८ पैकी किती पाइपना आख्ख्या पॉप्युलेशनमध्ये एकच साइझ उरलीय. तिसाव्या जनरेशनलाच ५० पाइप गोठले असतील तर पुढची १७० जनरेशन वाया, तिथे पॉप्युलेशन किंवा म्युटेशन वाढवा. शेवटचं डिझाइन आलं की त्याच्यावर वरचा ग्रीडी प्रकार चालवा, एक पाइप खाली, आणि लूपमध्ये एक खाली व शेजारचा एक वर अशा जोड्याही. त्यातून पैसे वाचले तर शोध अजून संपलेला नव्हता. मी हा टप्पा कायम ठेवतो, कारण इव्होल्युशनरी अल्गोरिदम योग्य भागात पटकन पोचतो पण शेवटचे दोन-चार पाइप नीट बसवायला खूप वेळ घेतो.

गाइडना दाखवायला दोन लूपचा रिझल्ट, ग्रीडीचं उत्तर आणि ३० रनचं टेबल एवढं आधी न्या, जनरेशन किती हवीत ते त्या टेबलमधूनच ठरेल. आणि इथे खाली टाकीच्या तळाची पातळी, सगळ्यात उंच नोडची ग्राउंड लेव्हल आणि पाणी दिवसातून किती तास सोडणार आहेत हे लिहा. सगळे पाइप ६०० चे करून त्या उंच नोडला किती मीटर मिळाले तो आकडाही टाका, तो बघून मग पुढचं सांगतो.